जमिनीवर उतरायचं ठरवूनच उडालेली विमानं

कवठे येमाई गावच्या शिवारात बांधाकडेने ट्रॅक्टरपुरती वाट सोडतात, साधारण तेवढीच, १२ फूट रुंद आणि २१६ फूट लांब लाकडी धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, अमेरिकेच्या ‘एलएसटी-३८६’ या रणगाडावाहू जहाजाच्या डेकवर ठोकली होती. वर तारेची जाळी. तिच्यावरून उडायचं ते पायपर कंपनीच्या एल-४ विमानाने: इंजिन ६५ अश्वशक्तीचं, पंखांचा पसारा ३५ फूट, म्हणजे दोन्ही पंख पट्टीबाहेर. विमानवाहू नौकेची ही गरिबाघरची आवृत्ती, असं वाटणं साहजिक आहे. मला मात्र हे जहाज तोफखान्याच्या साधनांत मोजावंसं वाटतं. किनाऱ्यावर नुकत्याच उतरलेल्या तोफांना टेकडीपलीकडचं दिसत नाही. गोळा कुठे पडला, किती डावीकडे, किती पुढे, हे सांगणारा जाणकार वर लागतो. त्याचं विमान सुटं करून मागाहून आणायचं आणि किनाऱ्यावर जोडत बसायचं, तर निकडीचे पहिले तास हातचे जातात. १० जुलै १९४३ रोजी सिसिलीत लिकातासमोर या डेकवरून उडालेल्या दोन विमानांनी ते तास वाचवले. शत्रूचा आणि स्वकीयांचाही गोळीबार चुकवत दोन तासांहून जास्त वेळ ती वर राहिली आणि रेडिओवर खबर देत राहिली.

उडालेलं विमान परत डेकवर उतरू शकत नसे, हा आक्षेप खरा आहे. पण परतायचं होतं कुणाला? एल-४ ला लहानसं मोकळं शेतही पुरे. किनाराच हाती आला नसता, तर विमानाआधी सैन्याचीच पंचाईत होती. मग खऱ्या विमानवाहू नौकेवरूनच का नाही? तेही झालं होतं. नोव्हेंबर १९४२ मध्ये मोरोक्कोसमोर ‘रेंजर’वरून तीन एल-४ उडाली आणि आपल्याच लोकांच्या माऱ्यात सापडली. त्यात डेकचा दोष नव्हता, हे मान्य. तरी अशा नौका मोजक्या आणि त्यांच्यामागे दुसरी कामं. एलएसटी हजारावर बांधल्या गेल्या आणि त्या तोफा-रणगाडे घेऊन त्याच किनाऱ्याला लागणार होत्या. पुढे ब्रॉडी नावाच्या अधिकाऱ्याने जहाजाच्या कडेला ताणलेल्या तारेवरून विमान सोडायची आणि आकडा अडकवून परत झेलायची युक्ती काढली. १९४५ मध्ये ‘एलएसटी-७७६’ने ती पॅसिफिकमध्ये वापरली. जवळ उतरायला जमीनच नसेल तिथे ती सरस. सिसिलीत ती लागलीच नसती.

महाराष्ट्राला यातलं विमानाचं अंग जवळचं. ब्रिटिशांची ६५६ वी हवाई निरीक्षण तुकडी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाण्यापूर्वी जुहू आणि देवळालीला होती. तिचे वैमानिक तोफखान्याचेच अधिकारी. जहाजाचं अंग मात्र नंतर आलं: एलएसटी आपल्या नौदलात १९४९ मध्ये ‘मगर’ या नावाने आली. तोफखान्याच्या हवाई निरीक्षणातूनच १ नोव्हेंबर १९८६ रोजी भारतीय लष्कराची स्वतंत्र हवाई शाखा, आर्मी एव्हिएशन कोअर, उभी राहिली. तिच्या वैमानिकांची प्रशिक्षण शाळा आज नाशिकच्या गांधीनगरला आहे.