आईच्या ताटातील पालेभाजी

मधुमेह हा खात्यापित्या, स्थूल माणसांचा आजार, असा समज आपल्या वस्त्यांमध्ये अजूनही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने त्याला छेद दिला. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांच्या आहाराची नोंद ठेवली. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. परंतु ही तूट मुख्यतः स्नायूंची व पोटातील अवयवांची होती. त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश, पण चरबी राखून असलेली अशी शरीरप्रकृती पुढे मधुमेहाला लवकर बळी पडू शकते.

आईने एकूण किती उष्मांक वा प्रथिने घेतली, याचा बाळाच्या वजनाशी संबंध आढळला नाही. पालेभाज्या, फळे व दूध किती वेळा पोटात गेले, याचा आढळला. आणि सर्वांत कृश मातांमध्ये पालेभाजीचा संबंध अधिक ठळक होता. भाकरीने पोट भरते, हे खरेच. पण सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेच्या वाट्याला भाजीची पुसलेली कढई येते, हे आम्ही आमच्याच घरांत पाहिले आहे.

पुढे याच अभ्यासातील मुलामुलींना, ती वयात आल्यावर, अपत्यप्राप्तीच्या पुष्कळ आधी, बी-१२ जीवनसत्त्व देऊन पाहण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. कारण गर्भ राहिल्याचे कळेपर्यंत त्याच्या जडणघडणीचा मोलाचा काळ उलटून गेलेला असतो. आमच्या वसतिगृहातून दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुली त्याच उंबरठ्यावर उभ्या असतात.