क्लाउडच्या युगातील स्थानिक तंत्रज्ञ

१९ जुलै २०२४ रोजी सकाळी पावणेदहाच्या सुमारास जगभरातील कार्यालयांतले विंडोज प्रणालीवर चालणारे संगणक निळा पडदा दाखवून एकामागून एक ठप्प होऊ लागले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या सुरक्षा-प्रणालीसाठी दुरून धाडलेली एक सदोष फाइल या अनर्थाच्या मुळाशी होती. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली. परंतु मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोवर सुमारे ८५ लाख संगणकांना तिचा फटका बसला होता. दोष ज्या वाटेने आला, त्याच वाटेने उपाय येणे मात्र दुरापास्त ठरले. कारण बंद पडलेल्या संगणकापर्यंत दूरचा आदेश पोहोचतच नाही. अखेर असंख्य ठिकाणी कोणीतरी प्रत्येक संगणकासमोर बसून तो ‘सेफ मोड’मध्ये सुरू केला, ती फाइल शोधून पुसली आणि मगच कामकाज पूर्ववत् झाले. ज्यांच्या डिस्कवर सांकेतिक कुलूप होते, त्यांना ४८ अंकी किल्लीही शोधावी लागली. जेथे हे काम जाणणारा माणूस हाताशी होता, तेथील व्यवहार लवकर सुरू झाले, यात नवल नाही.

क्लाउडच्या गुणगानात या माणसाचा उल्लेख क्वचितच आढळतो. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची संगणकशक्ती भाड्याने घेणे. सर्व्हरवर एकरकमी भांडवल गुंतविण्याऐवजी दरमहा वापरापुरते पैसे मोजावयाचे, हा त्यातील अर्थव्यवहार. बेताच्या भांडवलावर चालणाऱ्या दुकानदाराला किंवा पतसंस्थेला तो आकर्षक वाटावा, हे स्वाभाविकच आहे. आणि हा लाभ खोटाही नाही. मात्र यंत्र दूर गेले म्हणजे ते सांभाळण्याची जबाबदारीही गेली, असे जे गृहीत धरले जाते, ते तपासून पाहावयास हवे.

१९१५ पासून खोपोलीची जलविद्युत मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळू लागली आणि गिरण्यांची बाष्पयंत्रे हळूहळू निवृत्त झाली. परंतु त्यामुळे गिरणीला वीजतंत्र्याची गरज उरली नाही, असे झाले नाही. वीज कंपनीची जबाबदारी मीटरपाशी संपते. त्यापुढचे सारे ग्राहकाचे. क्लाउडच्या करारांतही अशीच एक सीमारेषा आखलेली असते. इमारत, वीज आणि यंत्रे कंपनी सांभाळते. कोणत्या कर्मचाऱ्याला काय पाहता यावे, परवलीचा शब्द कोणाकडे असावा आणि हिशेबाची दुसरी प्रत कोठे ठेवावी, हे ग्राहकाने पाहावयाचे असते. ही कलमे वाचणारे ग्राहक फार थोडे!

या दुर्लक्षाची किंमत १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर येथे दिसली. ओव्हीएच या कंपनीच्या तेथील डेटा सेंटरची पाच मजली इमारत आगीत भस्मसात झाली. ज्यांनी दुसरी प्रत अन्य गावी ठेवली होती ते सावरले. काहींची माहिती मात्र कायमची गेली. प्रत अन्यत्र ठेवणे आणि ती अधूनमधून उघडून खरोखर वाचता येते की नाही हे पाहणे, ही सांगावयास क्षुल्लक वाटणारी कामे स्थानिक तंत्रज्ञाचीच होत. नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाचे खाते त्याच दिवशी बंद करणे आणि इंटरनेटची एक लाइन तुटली तर दुसऱ्या कंपनीची लाइन तयार ठेवणे, हेही त्याचेच काम. शिवाय सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावे, असा सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. मुळात हल्ला झाला आहे हे ओळखणारेच कोणी नसेल, तर आदेशाचे पालन करणार कोण?

खरी अडचण मोबदल्याची आहे. पूर्वी या तंत्रज्ञाचा चरितार्थ संगणक विकताना सुटणाऱ्या नफ्यावर आणि दुरुस्तीच्या फेरीवर चाले. सर्व्हरच विकत घेतला जात नसेल, तर त्यावरील नफा आटतो. फेरीमागे पैसे देण्याच्या पद्धतीत तर एक विसंगतीच आहे: बिघाड झाला तरच त्याला पैसे मिळतात आणि त्याने बिघाड टाळला तर त्याचे श्रम कोणाच्या दृष्टीसही पडत नाहीत. वार्षिक कराराने ही विसंगती बरीचशी दूर होते. एकट्या दुकानदाराला तो खर्च जड वाटत असेल, तर बाजारपेठेतील दहावीस व्यापाऱ्यांनी मिळून एक तंत्रज्ञ नेमण्यास काय हरकत आहे? सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना अपरिचित वाटू नये.

अर्थात स्थानिक माणूस म्हणजे निर्धोक माणूस, असेही मानू नये. अनेक ठिकाणी क्लाउडचे मुख्य खाते तंत्रज्ञ स्वतःच्याच मोबाइल क्रमांकावर आणि ईमेलवर उघडतो. मालक निर्धास्त असतो. पुढे दोघांत बिनसले किंवा तंत्रज्ञ गाव सोडून गेला, की स्वतःच्याच वह्यांना आपण पारखे झाल्याचे त्याच्या ध्यानी येते. खाते संस्थेच्या नावावर असावे, सर्वाधिकाराची एक किल्ली मालकाच्या तिजोरीत राहावी आणि तंत्रज्ञाला कामापुरताच अधिकार मिळावा, ही तीन कलमे वार्षिक करारात आरंभीच घालता येतात.