रणजी करंडक स्पर्धेतील वर्चस्वाची स्थित्यंतरे

रणजी करंडक स्पर्धेतील वर्चस्वाची स्थित्यंतरे : भारतातील प्रथम श्रेणीच्या आंतरराज्य क्रिकेट स्पर्धेत विजेतेपदाचे केंद्र एका विभागाकडून दुसऱ्या विभागाकडे सरकत जाण्याची प्रक्रिया. ही स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. २०२४-२५ अखेर तिचे नव्वद हंगाम पूर्ण झाले असून त्यांपैकी बेचाळीस हंगामांत मुंबईने अजिंक्यपद मिळविले. त्याखालोखाल कर्नाटकाने आठ, दिल्लीने सात, तर बडोद्याने पाच वेळा ते जिंकले. केवळ ह्या बेरजेवरून मुंबईचे वर्चस्व अखंड होते असे वाटण्याचा संभव आहे. तथापि कालक्रमाने पाहता निरनिराळ्या काळी निरनिराळे प्रदेश पुढे आले व मागे पडले, असे दिसते. ह्या बदलांना खेळाडूंच्या अंगच्या गुणांइतकीच स्पर्धेची रचना, आश्रय, उपजीविका व पैसा ही कारणे आहेत.

स्पर्धेची रचना : प्रारंभापासून, १९४८-४९ चा हंगाम वगळता, संघांची वाटणी भौगोलिक विभागांत करण्यात येत असे. आरंभीची बाद पद्धत जाऊन १९५७-५८ पासून विभागांतर्गत सामने साखळी पद्धतीने होऊ लागले आणि प्रत्येक विभागाचा एकच विजेता पुढील फेरीत जाऊ लागला. १९७०-७१ पासून प्रत्येक विभागातून दोन, तर १९९२-९३ पासून तीन संघ पुढे जाऊ लागले. २००२-०३ मध्ये विभागांची पद्धत रद्द होऊन संघांचे ‘एलिट’ व ‘प्लेट’ असे गुणवत्तेनुसार दोन गट पाडण्यात आले. पुढे ह्या गटांच्या नावांत व संख्येत वेळोवेळी बदल झाले.

ह्या रचनेचा परिणाम केवळ व्यवस्थेपुरता नव्हता. सर्व विभाग सारख्या बळाचे नसतील, तर एकाच विभागातील दुसऱ्या क्रमांकाचा संघ अन्य विभागाच्या विजेत्यापेक्षा सरस असूनही अंतिम फेरीपर्यंत पोहोचत नाही. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात व सौराष्ट्र हे संघ होते. मुंबईच्या सलग विजयांच्या काळात ह्या संघांचा मार्ग विभागातच अडत असे. उलट, मध्य विभागातील राजस्थान १९६०-६१ ते १९७३-७४ ह्या काळात आठ वेळा अंतिम फेरीत पोहोचून आठही वेळा पराभूत झाला. विभागातून दोन संघ पाठविण्याची मुभा मिळताच, १९७०-७१ च्या पहिल्याच हंगामात, मुंबई व महाराष्ट्र ह्या एकाच विभागातील संघांत अंतिम सामना झाला व तो मुंबईने जिंकला. तात्पर्य, विजेत्यांच्या यादीवरून विभागाचे खरे बळ नेहमीच कळत नाही. नियमांनी काही संघांचे बळ झाकले जाते, तर काहींचे वाढून दिसते.

संस्थानी आश्रयाचा काळ : पहिल्या चोवीस हंगामांत मुंबईने नऊ विजेतेपदे मिळविली, उरलेली पंधरा इतरांत वाटली गेली. ह्या काळातील यशाचा संबंध बहुतांशी संस्थानिकांच्या आश्रयाशी होता. नवानगर (१९३६-३७), वेस्टर्न इंडिया (१९४३-४४), बडोदा आणि होळकर हे संघ राजाश्रयावर उभे होते. संस्थानात नोकरी वा लष्करात हुद्दा देऊन दूरचे खेळाडू आणले जात. इंदूरच्या होळकर संघाने, बहुतांश काळ मूळचे नागपूरचे सी. के. नायडू ह्यांच्या नेतृत्वाखाली, १९४४-४५ ते १९५४-५५ ह्या अकरा हंगामांत दहा वेळा अंतिम फेरी गाठली व चार वेळा करंडक जिंकला. महाराष्ट्राने प्रा. दि. ब. देवधर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक मिळविला. परंतु त्या संघातील विजय हजारे पुढे बडोद्याकडून खेळू लागले. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे व गुल महंमद ह्यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. संस्थानांचे विलीनीकरण झाल्यावर हा आश्रय आटला. १९५४-५५ नंतर होळकर संघच उरला नाही. बडोद्याने १९५७-५८ मध्ये करंडक जिंकला. त्यानंतर पुढील विजेतेपदासाठी त्यास २०००-०१ पर्यंत थांबावे लागले.

मुंबईचा सुवर्णकाळ : १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे मुंबई अजिंक्य राहिली. राजाश्रयाची जागा येथे नागरी जीवनातील संस्थांनी घेतली होती. शाळांसाठी हॅरिस व गाइल्स ढाली, महाविद्यालयीन सामने, १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग आणि कार्यालयीन संघांची टाइम्स ढाल अशी पायऱ्यापायऱ्यांची स्पर्धाव्यवस्था तेथे होती. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल व शिवाजी पार्क ही मैदाने लोकल गाडीने जाण्याच्या अंतरावर होती. बँका व खाजगी कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देत. त्यामुळे शिक्षण संपल्यावर खेळ सोडण्याची पाळी गुणवान खेळाडूवर सहसा येत नसे. कांगा लीगच्या ओल्या खेळपट्ट्यांवर नवोदितांना कसोटीवीरांच्या बरोबरीने खेळावयास मिळे.

सामन्याचा निकाल लागला नाही, तर पहिल्या डावातील आघाडीवर विजेता ठरविण्याचा नियमही मुंबईस अनुकूल होता. विकेट न गमावता दीर्घकाळ खेळपट्टीवर टिकून राहणे हे मुंबईच्या फलंदाजीचे वैशिष्ट्य. अशा फलंदाजांच्या संघाला मोठी धावसंख्या उभारून आघाडी घेणे पुरेसे असे.

वर्चस्वाचे विकेंद्रीकरण : १९७३-७४ मध्ये बंगलोर येथील उपांत्य सामन्यात कर्नाटकाने पहिल्या डावातील आघाडीवर मुंबईला नमविले आणि पुढे राजस्थानला हरवून करंडक जिंकला. एरापल्ली प्रसन्न व भागवत चंद्रशेखर ह्यांची फिरकी गोलंदाजी व गुंडाप्पा विश्वनाथ ह्यांची फलंदाजी हे त्या संघाचे बळ होते. मुंबईने त्यानंतर लागोपाठ तीन वर्षे करंडक पुन्हा मिळविला. तथापि तिची अजिंक्यता संपली होती.

१९७८-७९ ते १९९२-९३ ह्या पंधरा हंगामांचा हिशेब उद्बोधक आहे. त्यांत उत्तर विभागाने आठ (दिल्ली सहा, हरयाणा व पंजाब प्रत्येकी एक), पश्चिम व दक्षिण विभागांनी प्रत्येकी तीन आणि पूर्व विभागाने एक विजेतेपद मिळविले. ह्यापूर्वीच्या पंधरा वर्षांच्या अजिंक्यत्वाशी तुलना करता हा बदल ठळकपणे जाणवतो. बिशनसिंग बेदी ह्यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीने १९७८-७९ व १९७९-८० मध्ये करंडक जिंकला. १९९०-९१ मध्ये मुंबईतील वानखेडे स्टेडियमवर कपिल देव ह्यांच्या हरयाणा संघाने मुंबईला अवघ्या दोन धावांनी हरविले. ह्या बदलामागे अनेक कारणे होती. खेळाडूंना नोकऱ्या देणारी कार्यालये व सार्वजनिक उद्योग मुंबईपुरते उरले नव्हते. नव्या शहरांत मैदाने व प्रशिक्षणाच्या सोयी झाल्या. १९८३ च्या विश्वचषक विजयाने व दूरचित्रवाणीने खेळ सर्वदूर पोहोचविला. शिवाय यशस्वी संघाला आपल्याच यशाची किंमत मोजावी लागते. त्याचे उत्तम खेळाडू राष्ट्रीय संघात जातात. आंतरराष्ट्रीय सामने वाढले, तशी त्यांची स्थानिक सामन्यांतील उपस्थिती घटली. ज्या संघाची दुसरी फळी भक्कम, तोच ही उणीव भरून काढू शकतो.

गुणवत्तागट व नवे संघ : विभाग रद्द झाल्यावर खालच्या गटातील संघांस वर येण्याचा मार्ग खुला झाला. ह्याचे उत्तम उदाहरण राजस्थानचे होय. २०१०-११ मध्ये प्लेट गटातून आलेल्या ह्या संघाने थेट अजिंक्यपद मिळविले व पुढील वर्षी ते राखले. पूर्वी आठ अंतिम सामने हरलेल्या ह्या संघाचे दोन्ही वेळचे कर्णधार पुण्याचे हृषीकेश कानिटकर होते. विदर्भाचेही असेच झाले. दीर्घकाळ खालच्या गटात राहिलेल्या ह्या संघाने २०१७-१८ मध्ये प्रथमच अंतिम फेरी गाठून दिल्लीला हरविले, २०१८-१९ मध्ये नागपूर येथे सौराष्ट्राला नमविले आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा करंडक जिंकला. पहिल्या दोन विजयांच्या वेळी मुंबईचे चंद्रकांत पंडित हे प्रशिक्षक होते व मुंबई सोडून आलेले वसीम जाफर संघात होते. पंडित ह्यांच्याच मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशाने २०२१-२२ मध्ये अंतिम सामन्यात मुंबईला हरविले. मुंबईत मुरलेले ज्ञान अशा रीतीने इतर प्रदेशांस मिळाले. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून राज्य संघटनांस मिळणाऱ्या वाट्यामुळे मैदाने, निवासी प्रशिक्षण व प्रशिक्षकांचे मानधन हे लहान संघटनांच्याही आवाक्यात आले. २०१६-१७ ते २०२४-२५ ह्या काळात झालेल्या आठ स्पर्धांत (२०२०-२१ मध्ये स्पर्धा झाली नाही) जुन्या विभागांच्या हिशेबाने पश्चिमेने चार व मध्य विभागाने चार विजेतेपदे मिळविली. उत्तर, दक्षिण व पूर्व विभागांच्या वाट्यास एकही आले नाही.

मराठी प्रदेशाची स्थिती : महाराष्ट्र राज्यात मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ अशा तीन स्वतंत्र संघटना आहेत. त्यांपैकी दोघी अनेकदा अजिंक्य ठरल्या; महाराष्ट्राला मात्र १९४०-४१ नंतर करंडक मिळालेला नाही. १९९२-९३ मध्ये पंजाबकडून व २०१३-१४ मध्ये कर्नाटकाकडून त्याचा अंतिम सामन्यात पराभव झाला. ह्या संघटनेच्या क्षेत्रात पश्चिम महाराष्ट्रापासून मराठवाड्यापर्यंतचा विस्तीर्ण प्रदेश येतो. १९५६ पूर्वी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर त्याचा क्रीडाविषयक संबंध पुण्याशी जुळला. परभणी जिल्ह्यात पूर्णा व नांदेड ह्यांच्या दरम्यान लोहमार्गावर असलेल्या चुडाव्यासारख्या गावाला आजही हैदराबाद हे पुण्यापेक्षा जवळ आहे. शिवाजी पार्कच्या परिसरातील मुलास घराजवळ जी स्पर्धांची शिडी मिळते, तिच्यासाठी अशा गावच्या मुलास प्रथम जिल्ह्याच्या ठिकाणी व नंतर शेकडो किलोमीटर दूर जावे लागते. बीड येथे जन्मलेले संजय बांगर रेल्वेच्या संघातून पुढे आले व रेल्वेच्या २००१-०२ मधील पहिल्या अजिंक्यपदाच्या काळात कसोटी संघात पोहोचले. रेल्वे व सेनादल ह्यांचे संघ प्रदेशावर नव्हे, तर नोकरीवर उभे असल्यामुळे दूरच्या भागांतील खेळाडूंना त्यांच्यात दार मोकळे होते.

संघटनांच्या हक्कांचा प्रश्न न्यायालयापुढेही आला. ‘एक राज्य, एक मत’ हे लोढा समितीचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केले होते; ते कायम राहते, तर राज्यातील तिन्ही संघटनांस पूर्ण सदस्यत्व राहिले नसते. ऑगस्ट २०१८ च्या निर्णयाने मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ, तसेच गुजरात, बडोदा व सौराष्ट्र ह्यांचे पूर्ण सदस्यत्व अबाधित ठेवले.

तुलना व निष्कर्ष : अशी स्थित्यंतरे अन्यत्रही आढळतात. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’ ह्या संघटनेने १९९२ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन विभाग केले. १९९३ ते १९९८ पर्यंत फ्लॉरिडा व टेनेसी ह्या पूर्वेकडील विद्यापीठांनी अजिंक्यपद राखले. उलट २००९ ते २०१६ पर्यंत ते सलग आठ वर्षे पश्चिमेकडील ॲलाबामा, ऑबर्न व लुइझिॲना स्टेट ह्यांच्याकडे राहिले. २००७ मध्ये ॲलाबामा येथे निक सेबन हे प्रशिक्षक झाले, हे ह्या बदलाचे एक प्रमुख कारण मानले जाते. २०२३ च्या हंगामानंतर हे विभागच रद्द झाले. तेथेही प्रशिक्षक, पैसा व होतकरू खेळाडूंची भरती ह्यांवर विभागाचे बळ ठरले. नकाशावरील रेषेत ते नव्हते.

सारांश, एखाद्या विभागाचे वर्चस्व हे तेथील मातीचे वा रक्ताचे लक्षण नव्हे. आश्रय, नोकरी, स्पर्धांची साखळी व मार्गदर्शन जेथे एकत्र येतात, तेथे ते निर्माण होते आणि ह्यांपैकी काही अन्यत्र गेले की तेही सरकते. होळकर संघाच्या उदाहरणावरून असे यश एका आश्रयदात्यावर अवलंबून असल्यास किती अल्पजीवी ठरते हे दिसते. मुंबईच्या उदाहरणावरून ते अनेक संस्थांवर आधारलेले असल्यास पराभवानंतरही पुन्हा उभे राहते, हे स्पष्ट होते. १९७३-७४ नंतरही मुंबईने २०२३-२४ पर्यंत अठरा वेळा करंडक जिंकला, ह्याचे कारण हेच होय.

[⟶ क्रिकेट]