गांधी, जीना आणि आपली मोजदाद

बाबासाहेब मुसलमानांच्या बाजूने होते की विरोधात? हा प्रश्न हल्ली लोणावळ्याच्या बाजारात, तळेगाव स्टेशनवर, देहूरोडला डेपो सुटल्यावर चहाच्या टपरीवर आपल्या पोरांना विचारला जातो. विचारणारा उत्तर घरूनच घेऊन आलेला असतो. एकाच्या मोबाईलमध्ये बाबासाहेबांच्या ‘पाकिस्तान’ ग्रंथातली म्हणून चार वाक्ये असतात. दुसऱ्याला बाबासाहेब आणि बॅरिस्टर जीना एका व्यासपीठावर आले होते एवढेच ठाऊक असते आणि तेवढ्यावर त्याचा सगळा सिद्धान्त उभा असतो. आपला पोरगा मधे. त्याने ग्रंथ वाचलेला नसतो. विचारणाऱ्यानेही वाचलेला नसतो, पण त्याचा आवाज मोठा असतो.

लोहगडावरच्या दर्ग्याच्या उरुसावरून गेल्या काही वर्षांत वाद निघाले, तेव्हापासून ही विचारणा वाढली आहे. ‘मोर्चाला चल, तुझे बाबासाहेबच लिहून गेलेत’, असे सांगून पोरांना मोटारसायकलवर बसवून नेण्याचे प्रकार आमच्या कानावर येतात. मोर्चा संपला की पुढारी घरी जातो आणि गुन्ह्याच्या कागदावर नाव राहते ते पोराचे. साधी कंत्राटी नोकरी धरायची तरी चारित्र्याचा दाखला लागतो, हे मावळातल्या प्रत्येक आईला माहीत आहे. म्हणून हा विषय आम्ही कुटुंबाच्या पानावर घेतला.

आणि मावळाला हा विषय टाळून चालणारच नाही. तळेगाव दाभाड्याला बाबासाहेबांचा बंगला आहे. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती स्थापन केली. आणि लोणावळ्याहून लोकलने दोन तासांच्या आत जिथे पोचता येते त्या पुण्यात दोन गोष्टी घडल्या, ज्या कळल्याशिवाय हिंदू-मुसलमान भांडणात आपली जागा कोणती होती हे कळत नाही. एक १९३२ ची, दुसरी १९४३ ची.

१९३२ कडे जाण्याआधी थोडे मागे जावे लागेल. १९१६ साली लखनौला काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचा करार झाला. मुसलमानांचे स्वतंत्र मतदारसंघ काँग्रेसने त्यात मान्य केले. या कराराला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. १८९३ च्या मुंबईतल्या दंगलीनंतर ज्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला तेच हे टिळक. आज त्यांना जे एकाच रंगात रंगवतात त्यांना लखनौची आठवण करून दिली तर राग येतो.

आता १९३२. ऑगस्ट महिन्यात ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ, शिखांना, ख्रिश्चनांना, आणि अस्पृश्यांनाही. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. २० सप्टेंबरला त्यांनी प्राणांतिक उपोषण सुरू केले. ते मुसलमानांच्या मतदारसंघाविरुद्ध नव्हते, शिखांच्याही नव्हते. फक्त आपल्या मतदारसंघाविरुद्ध होते. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. राखीव जागा १४८ मिळाल्या, पण मतदारसंघ संयुक्त राहिला. म्हणजे आपला प्रतिनिधी निवडताना शेवटचे मत सवर्णांचे.

गांधीजी म्हणत होते की हा धर्माचा प्रश्न आहे, वेगळ्या मतदारसंघाने हिंदू समाज दुभंगेल. त्यांच्या मनात काय होते यावर आम्ही वाद घालत नाही. परिणाम मात्र उघड आहे. मुसलमान वेगळे मोजले गेले तर चालत होते. महार, मांग, चांभार वेगळे मोजले गेले तर हिंदूंचा आकडा घटत होता. गावाच्या पाणवठ्यावर जो माणूस हिंदू नव्हता, तो मतदार यादीत हिंदू असायलाच हवा होता. पुढच्या पंधरा वर्षांतल्या हिंदू-मुसलमान वाटाघाटी वाचताना ही एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवली म्हणजे पुष्कळ उलगडा होतो.

दुसरी घटना १८ जानेवारी १९४३ ची. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त डेक्कन सभेने बाबासाहेबांना पुण्याच्या गोखले सभागृहात बोलावले. ‘रानडे, गांधी आणि जीना’ म्हणून प्रसिद्ध असलेले भाषण ते हेच. त्या वेळी गांधीजी तिथून काही मैलांवर आगाखान महालात स्थानबद्ध होते. देशभर एकीकडे गांधींचा जयजयकार, दुसरीकडे जीनांचा. अशा वेळी पुण्यातच उभे राहून बाबासाहेबांनी दोघांनाही एकाच मापात घातले. दोघांचा अहंकार एवढा मोठा आहे की दोघांना आपापल्या गोटात दुसरा मोठा माणूसच नको आहे, आणि दोघांच्या मानापमानात देशाचे राजकारण गोठून गेले आहे, असा त्या टीकेचा आशय होता. सप्टेंबर १९४४ मध्ये मुंबईत जीनांच्या बंगल्यावर गांधी-जीना बोलणी झाली. ती अडीच आठवडे चालली आणि हाती काही आले नाही. तेव्हा बाबासाहेबांच्या टीकेत किती तथ्य होते ते दिसले.

या भाषणात त्यांनी मोठे म्हटले ते रानड्यांना. रानडे ब्राह्मण, सरकारी न्यायाधीश, स्वभावाने मवाळ. विधवाविवाहाचा पुरस्कार करून स्वतः मात्र वडिलांच्या आग्रहापुढे नमून लहान मुलीशी लग्न करणारे. तरीही बाबासाहेबांनी त्यांना मान दिला. कारण समाज सुधारल्याशिवाय राजकारण टिकत नाही, हे रानड्यांना कळले होते. पुढाऱ्याची जात कोणती, टाळ्या किती, तुरुंगवास किती वर्षांचा, हे माप त्यांनी लावले नाही. त्याने आपल्या समाजाची घाण उपसायला हात घातला की नाही, हे माप लावले. आणि हेच माप त्यांनी मुसलमान पुढाऱ्यांनाही लावले. ‘पाकिस्तान’ ग्रंथ वाचताना हे ध्यानात ठेवायला हवे.

तर त्या ग्रंथाकडे वळू. मार्च १९४० मध्ये मुस्लिम लीगने लाहोरला पाकिस्तानचा ठराव केला. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने या मागणीचा अभ्यास करायचे ठरवले आणि त्यातून १९४० च्या अखेरीस हा ग्रंथ आला. १९४५ मध्ये दुसरी, वाढवलेली आवृत्ती निघाली. ग्रंथाची रचना एखाद्या खटल्यासारखी आहे. आधी मुसलमानांची बाजू, मग हिंदूंची बाजू, मग हिंदूंकडे दुसरा काय उपाय आहे, मग मुसलमानांकडे काय आहे. वकील म्हणून उभी हयात घालवलेला माणूस दोन्ही पक्षांचा युक्तिवाद मांडतो आहे. आता एका पक्षाच्या युक्तिवादातले वाक्य उचलून ‘हा न्यायाधीशाचा निकाल’ म्हणून गल्लीत फिरवले तर काय होईल? सध्या तेच चालले आहे.

ग्रंथात मुसलमान समाजावर कडक टीका आहे, हे आम्ही लपवणार नाही. पडद्यावर आहे, बालविवाहावर आहे, सुधारणेची चळवळ उभी राहत नाही यावर आहे. मुसलमानांतल्या जातिभेदावर तर बंगालच्या १९०१ च्या जनगणनेचा दाखला देऊन लिहिले आहे. अश्रफ म्हणजे वरचे, अजलाफ म्हणजे खालचे, आणि अर्जल म्हणजे सगळ्यांत खालचे. या अर्जलांना सार्वजनिक कबरस्तानातही जागा नाही, असे तिथे नोंदवलेले आहे. ज्या माणसाने महाडच्या तळ्यासाठी लढा दिला त्याने हे वाचून गप्प बसावे अशी अपेक्षाच चुकीची आहे. पण ही टीका मुसलमानांना हाकलण्यासाठी केलेली नाही. त्यातल्या खालच्या माणसाकडे आणि बाईकडे बघून केलेली आहे. पुढे हमीद दलवाई नावाच्या मुसलमान माणसाने हेच काम आतून केले. १८ एप्रिल १९६६ ला सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत सचिवालयावर नेला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. नाव ‘सत्यशोधक’ घेतले, जोतिबांचे! सात बायकांचा मोर्चा म्हटला की कोणी हसेल. ज्या घरात तलाकचे तीन शब्द ऐकले गेले आहेत त्या घरात कोणी हसणार नाही.

त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी सावरकर आणि जीना यांना शेजारी शेजारी उभे केले आहे. दोघेही एकमेकांचे वैरी म्हणवतात, पण हिंदू आणि मुसलमान ही दोन राष्ट्रे आहेत यावर दोघांचे एकमत आहे, हे त्यांनी दाखवून दिले. फाळणी करायचीच असेल तर लोकसंख्येची अदलाबदल करा, असेही त्यांनी ग्रीस आणि तुर्कस्तानचे उदाहरण देऊन सुचवले. हे मत आज कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. आम्हांला ते सगळे पटते असे नाही. पण त्याच १९४५ च्या आवृत्तीत हिंदू राज्य आले तर ते या देशावरचे मोठे संकट ठरेल, लोकशाहीशी त्याचे जमणार नाही, अशा आशयाचे स्पष्ट लिखाण आहे. आणि त्याला लागूनच उपायही आहे. तो असा: हिंदू महासभा नको, मुस्लिम लीगही नको, दोन्ही समाजांतल्या खालच्या माणसांनी एक पक्ष काढावा. हे होऊ शकते याचा पुरावा म्हणून ते सांगतात की १९२० ते १९३७ या काळात बहुतेक प्रांतांत मुसलमान, ब्राह्मणेतर आणि अस्पृश्य यांनी एकत्र येऊन कायदेमंडळांत काम केले होते.

जीनांबरोबरच्या व्यासपीठाचेही असेच. २२ डिसेंबर १९३९ ला काँग्रेस मंत्रिमंडळे गेल्याबद्दल लीगने ‘मुक्तिदिन’ पाळला आणि मुंबईत भेंडीबाजारच्या सभेला बाबासाहेब गेले. त्यांनी तिथे काँग्रेसच्या राज्यात अस्पृश्यांवर काय गुदरले ते मांडले. तीन वर्षांनी पुण्यात त्याच जीनांना त्यांनी सोलून काढले. एका मुद्द्यावर बरोबर जाणे म्हणजे कायमचे गुलाम होणे नव्हे, एवढे तरी आपल्या आजच्या पुढाऱ्यांनी यातून शिकायला हरकत नव्हती.

फाळणी झाली तेव्हा आपल्या माणसांचे काय झाले? बंगालचे जोगेंद्रनाथ मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन, निराश होऊन भारतात परतले. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पाकिस्तानातल्या अस्पृश्यांना भारतात निघून या, लीगवर विसंबू नका, असे जाहीरपणे सांगितले होते. हे पत्रक मोबाईलवर फिरते. पण डिसेंबर १९४७ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लिहिलेले पत्र फिरत नाही. त्यात एक तक्रार पाकिस्तानची होती. भंगीकाम हे आवश्यक काम ठरवून अस्पृश्यांना तिथून निघू दिले जात नाही. दुसरी तक्रार आपल्या बाजूची होती. जे कसेबसे इकडे पोचले त्यांना निर्वासितांच्या छावण्यांत आणि शिधावाटपात दुजाभाव सोसावा लागतो आहे. तिकडे संडास साफ करायला हवे होते म्हणून सोडले नाही, इकडे जात आडवी आली म्हणून नीट घेतले नाही. फाळणीची पुस्तके ढिगाने निघतात, त्यांत हे पान शोधावे लागते.

याच्या उलट बाजूचे एक नाव मावळातल्या तरुणांना माहीत असावे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसऱ्या सत्याग्रहाच्या परिषदेसाठी मंडप घालायला सवर्णांपैकी कोणी जागा देईना. जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. त्याच जागेवर मनुस्मृती जळाली. फत्तेखानाच्या जमिनीवर झाले म्हणून ते मुसलमानी झाले नाही आणि १९४७ च्या पत्रकामुळे फत्तेखान वैरी झाला नाही.

लोणावळ्यात आज आपल्या बायका आणि मुसलमान बायका त्याच बंगल्यांत धुणीभांडी करतात, त्याच पर्यटकांचा कचरा काढतात. शनिवार-रविवारी पाणी कमी आले तर दोघींच्या नळाला कमी येते. लोहगडापासून जवळच कार्ल्याचे चैत्यगृह आहे. तिथे दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत यवन म्हणवणारे परके लोक आहेत, एक अत्तरवाला आहे, आणि दरवाजा करणारा सामी नावाचा सुतार आहे. दोन हजार वर्षांपूर्वी मावळात दान घेताना कोणी कुठून आला हे विचारले नव्हते, लिहून मात्र ठेवले होते. सहलीला जाणाऱ्यांनी हे बघावे, भजी नंतर खावीत.

आता कामाचे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथमालेत पुण्याचे भाषण पहिल्या खंडात आहे आणि ‘पाकिस्तान’ ग्रंथ आठव्या खंडात. विहारात किंवा वाचनालयात दोन्ही असायला हवेत. नसतील तर वर्गणी काढून आणावेत. रविवारी वंदनेनंतर कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीने एक पान वाचावे आणि मराठीत समजावून सांगावे. सुरुवात पुण्याच्या भाषणाने करा, ते लहान आहे. आठवा खंड जाड आहे, घाबरू नका. मोबाईलवर फिरणारी वाक्ये बहुतेक दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या प्रकरणाच्या आसपासची असतात. ती प्रकरणेही वाचा, सोडू नका. पण हिंदू राज्याबद्दल आणि दोन्ही समाजांच्या मिळून काढायच्या पक्षाबद्दल बाबासाहेबांनी लिहिले आहे ते तेराव्या प्रकरणात. मोर्चाचे बोलावणे घेऊन जो येईल त्याला बसायला पाट द्या, चहा द्या आणि तेरावे प्रकरण वाचायला सांगा.