दम खायला जागा ठेवा!

मुलांनो, खालचे वाक्य एकदा मोठ्याने वाचा बरे!

'आज टेकडीवर जायचे नाही घरी थांबायचे'

कुणी वाचेल, 'आज टेकडीवर जायचे नाही, घरी थांबायचे.' एखादा खोडकर मात्र वाचेल, 'आज टेकडीवर जायचे, नाही घरी थांबायचे!' गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. तिथे जायला कुणाला आवडत नाही? म्हणून आमच्या गिरडच्या वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिले, की दुसरा अर्थ लावणारेच जास्त निघतात!

शब्द तेच, अक्षरे तीच. फक्त स्वल्पविरामाने जागा बदलली.

ही झाली गंमत. पण धाकटा भाऊ तापाने फणफणलाय आणि शेतावर जाताना आईने चिठ्ठी ठेवलीय, 'रात्री गोळी द्यायची नाही दूध द्यायचे', तर? आता काय द्याल, गोळी की दूध? म्हणजे ही चिन्हे केवळ परीक्षेतल्या दोन गुणांसाठी नाहीत, बरं का!

तुम्हांला नवल वाटेल, पण आपली मराठी कितीतरी शतके या चिन्हांवाचून लिहिली गेली. जुन्या पोथ्यांत ओवी संपल्याची उभी रेघ असे. पण शब्द एकमेकांना चिकटलेले असत. राज्यकारभाराची पत्रे मोडी लिपीत लिहीत. आधी कागदावर आडवी रेघ ओढायची आणि मग बोरूने तिच्याखाली भराभर अक्षरे लिहीत जायचे. लिहिणाऱ्याचा हात झपझप चाले. वाचणाऱ्याने मात्र शब्द कुठे तोडायचा ते ओळखावे! आजही मोडी कागद वाचायचे म्हणजे खास अभ्यास लागतो.

मग स्वल्पविराम, पूर्णविराम आपल्याकडे आणले कुणी? मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने. लष्करात नोकरीला आलेला हा माणूस मराठीत रमला. मोल्सवर्थ यांच्या प्रसिद्ध शब्दकोशाच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. १८५० साली त्यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' हे छोटे पुस्तक काढले. पुढे छापील पुस्तकांतून ही चिन्हे घरोघरी पोचली आणि आपलीच होऊन गेली.

विराम म्हणजे विसावा. स्वल्पविराम म्हणजे थोडासा, पूर्णविराम म्हणजे पुरता. टेकडी चढताना आपण मधे दम खातोच ना? वाचणाऱ्यालाही तशी जागा हवी.

तेव्हा निबंध, पत्र किंवा साधी चिठ्ठी लिहितानाही एवढे करा :

१. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. 'आणि', 'आणि' करत आगगाडीचे डबे जोडू नका.

२. दोन शब्दांत नीट अंतर ठेवा.

३. नवा मुद्दा आला, की नवा परिच्छेद करा.

४. शेवटी सगळे मोठ्याने वाचा. जिथे श्वास अपुरा पडेल, तिथे वाक्य तोडा.

पालकांनाही एक विनंती. मुलाच्या निबंधावर नुसता लाल शेरा मारू नका. त्याने लिहिले आहे तसेच, जिथे चिन्ह नाही तिथे न थांबता, त्याला वाचून दाखवा. तोच हसेल आणि तोच पेन्सिल मागेल!

आणि मुलांनो, स्वल्पविराम हलवला की अर्थ उलटेल, असे एक वाक्य तुम्हीही तयार करा पाहू. नाही जमणार म्हणता? की 'नाही, जमणार' म्हणता?