फॉरेन फंक्शन इंटरफेस

फॉरेन फंक्शन इंटरफेस किंवा एफएफआय ही एका प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममधून दुसऱ्या भाषेतील फंक्शन कॉल करण्याची यंत्रणा होय. दीर्घकाळ पारखली गेलेली लायब्ररी नव्या भाषेत पुन्हा न लिहिता वापरण्यासाठी आणि वेगाची गरज असलेला भाग अधिक वेगवान भाषेत लिहिण्यासाठी तिचा उपयोग होतो. उदाहरणार्थ, पायथॉनची सायपाय ही लायब्ररी रेषीय बीजगणितासाठी फोरट्रानमध्ये लिहिलेल्या लॅपॅकचा आधार घेते.

सामायिक संकेत

भाषा भिन्न असल्या तरी दोन्ही फंक्शने अखेर एकाच प्रोसेसरवर चालतात. म्हणून कॉल करणारी आणि कॉल स्वीकारणारी बाजू यांच्यात तीन बाबतींत एकमत आवश्यक असते.

पहिली बाब कॉलिंग कन्व्हेन्शन, म्हणजे आर्ग्युमेंट कोठे ठेवावीत आणि उत्तर कोठून घ्यावे याचा संकेत. ६४-बिट एक्स८६ प्रोसेसरवर लिनक्समध्ये पहिली ६ पूर्णांकी आर्ग्युमेंट रजिस्टरांतून पाठवली जातात. विंडोजमध्ये पहिली ४.

दुसरी बाब माहितीची मांडणी. सी भाषा द्विमितीय सारणी ओळींनुसार साठवते, तर फोरट्रान स्तंभांनुसार. त्यामुळे जशीच्या तशी पाठवलेली सारणी पलीकडे ओळी व स्तंभ यांची अदलाबदल होऊन पोहोचते.

तिसरी बाब फंक्शनाचे नाव. सी++चा कंपाइलर नावात आर्ग्युमेंटांचे प्रकार गुंफतो. 'एक्स्टर्न "सी"' अशी घोषणा केल्यास नाव साधे राहते.

सी भाषेचे स्थान

१० भाषांच्या प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र दुवा करायचा झाल्यास ४५ दुवे लागतील. प्रत्यक्षात बहुतेक भाषा सीचे संकेत पाळतात आणि सीशी जोडणाऱ्या एकाच दुव्यावर काम भागवतात. सीमध्ये एकही ओळ नसलेले दोन प्रोग्रॅमही परस्परांशी सीच्याच संकेतांनी व्यवहार करू शकतात.

विविध भाषांतील सोयी

जावामध्ये १९९७ सालच्या जेडीके १.१ पासून जेएनआय उपलब्ध आहे. त्यासाठी सी किंवा सी++मध्ये जोडकोड लिहावा लागतो. २०२४ मधील जावा २२ मध्ये अशा जोडकोडाविना कॉल करण्याची सोय कायम झाली. पायथॉनच्या २.५ या आवृत्तीत, २००६ साली, सीटाइप्स हे मॉड्यूल समाविष्ट झाले. फोरट्रान २००३ या मानकात सीशी जुळवून घेण्याच्या तरतुदी आहेत, तर हॅस्केल २०१० मध्ये एफएफआय भाषेच्या मानकाचाच भाग आहे.

जोखीम

परभाषी फंक्शनाची घोषणा प्रोग्रॅमर स्वतः लिहितो आणि ती मूळ फंक्शनाशी जुळते की नाही हे सहसा तपासले जात नाही. सीटाइप्समध्ये परताव्याचा प्रकार न सांगितल्यास तो पूर्णांक मानला जातो. त्यामुळे सीच्या लायब्ररीतील वर्गमूळाच्या फंक्शनाकडून निरर्थक संख्या मिळते आणि कोणताही त्रुटीसंदेश येत नाही.

मेमरीची मालकी हाही नाजूक प्रश्न आहे. सीने घेतलेली मेमरी गार्बेज कलेक्टरला ठाऊक नसते. ती मोकळी करण्याची जबाबदारी स्पष्ट नसेल, तर ती तशीच अडकून राहते. उलट, सीकडे ज्याचा पत्ता आहे असा ऑब्जेक्ट कलेक्टरने हलवला किंवा नष्ट केला, तर प्रोग्रॅम कोसळू शकतो. रस्टसारख्या सुरक्षिततेवर भर देणाऱ्या भाषेतही परभाषी फंक्शनाचा कॉल सामान्यतः 'अनसेफ' खंडात लिहावा लागतो, कारण सीमेपलीकडील कोडाची हमी कंपाइलर देऊ शकत नाही.

प्रत्येक कॉलमध्ये माहितीच्या रूपांतराचा खर्चही असतो. म्हणून अनेक लहान कॉल करण्याऐवजी मोठे काम एकाच कॉलमध्ये सोपवणे श्रेयस्कर ठरते.