फळीवरची वही

पहाटे चार. मे महिन्यात गडचिरोलीत ऊन चढायच्या आत जंगलातून परतावं लागतं, म्हणून अख्खं गाव अंधारातच तेंदूपत्ता तोडायला निघतं. बी.कॉम. झालो तरी मी आईबरोबर जातोच.

नऊ. अंगणात बसून पुडे बांधायचे. ७० पानांचा एक पुडा, १००० पुड्यांची गोणी. आई बोलत बोलत बांधते, तरी मोजायला घेतला तर पुडा बरोबर भरतो.

बारा. ग्रामसभेचं काम. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजाची मालकी गावाकडे आली. म्हणजे ठराव, लिलाव, करारनामा, बँक खातं, वाहतूक परवाना हे सगळंही गावाकडे आलं. आज ठेकेदाराच्या करारनाम्याचा मसुदा मोठ्यांना वाचून दाखवला. हप्त्याच्या कलमापाशी थांबलो. माल उचलल्यावर पैसे, असं त्यात लिहिलं होतं. माल नेऊन मजुरी आणि रॉयल्टी थकवणारे ठेकेदार या भागाने पाहिले आहेत. गोणी गाडीत चढण्याआधी हप्ता जमा व्हावा, अशी दुरुस्ती सगळ्यांनी मिळून सुचवली. शहरात नोकरी शोधणाऱ्या माझ्या मित्रांना मी हेच सांगतो: कलम वाचता येणारा, ताळेबंद समजणारा माणूस इथे फार हवा आहे. निदान सुट्टीचे दिवस तरी गावाला द्या.

पाच. फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेण्याच्या जागी, गर्दी. पुडे ओळीने मांडले जातात, ठेकेदाराचा मुन्शी मोजतो, मी ग्रामसभेच्या वहीत वेगळी नोंद करतो. शेजारची काकी दोन्ही नोंदी जुळेपर्यंत हलत नाही.

"कालचे माझे किती लिवले रे?"

पान उलटून आकडा वाचला. तिच्या वर्षभराच्या रोख कमाईतला मोठा वाटा या काही दिवसांचा असतो. तिने विचारलंच पाहिजे आणि दर वेळी उत्तरही मिळालं पाहिजे.

आठ. सभा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला, तो सर्वसहमतीने चालणाऱ्या अशाच बैठकांच्या बळावर. आमच्याकडे अजून बायका मागे बसतात. आज मात्र कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने जमाखर्च वाचला, आधी मराठीत, मग गोंडीत. गोंडीत वाचल्यावर मागून प्रश्न सुरू झाले. वाहतुकीचा खर्च कुणाकडे? गेल्या वर्षीची शिल्लक कुठे? तिने एकेक आकडा दाखवला.

उद्यापासून फळीवरची वही ती लिहील. मला करारनामा घेऊन तालुक्याला जायचं आहे.